सोनं आटलं, कागद राहिला

घरातला जुना डाग मोडीत काढायची वेळ आली की सराफाच्या पेढीवर एक हिशेब होतो. दागिना कसोटीवर घासला जातो, काट्यावर चढतो, वजन निघतं, घट वजा होते आणि त्या दिवसाच्या भावानं पैसे हातात पडतात. घेताना आपण घडणावळ मोजलेली असते. मोडताना ती कुणी परत देत नाही. देणार तरी कशी? दागिना मुशीत जातो, आटतो आणि लगड होऊन बाहेर येतो. सोनं बहुतेक जिथल्या तिथे राहतं. नाहीशी होते ती घडण.

मी कविता लिहिणारा माणूस. शब्द सगळ्यांचेच असतात, कवीची असते ती फक्त घडण. म्हणून मला सोन्याच्या भावापेक्षा घडणावळीचं कुतूहल अधिक. ज्या वस्तूचा कच्चा माल इतका मोलाचा, की ती मोडण्याचा मोह कुणालाही व्हावा, तिचा घाट टिकतो कसा? याचं एक उत्तर कागदात आहे. सोनारांसाठी छापलेल्या नमुन्यांच्या कागदात. आज त्याविषयी बोलायचं आहे.

आधी दागिने किती सहज नाहीसे होतात ते पाहू. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाला. त्यानंतर नव्या राजवटीनं जुनी राजचिन्हं मोडली, त्यांतलं सोनं टांकसाळीत गेलं आणि त्याची नाणी पडली. रत्नं विकली गेली. फ्रान्सचा चौदावा लुई वैभवासाठी प्रसिद्ध. व्हर्सायच्या राजवाड्यात त्यानं चांदीची मेजं, चांदीची आसनं घडवून घेतली होती. लढाईला पैसा हवा म्हणून १६८९ मध्ये ती त्यानं स्वतःच वितळवली. राजांची ही कथा, तर सामान्यांचं काय सांगावं! मुलीचं लग्न, दुष्काळ, आजारपण, बदललेली आवड, काहीही पुरे. १९१२ मध्ये लंडनच्या चीपसाइड या रस्त्यावरच्या एका जुन्या तळघरात खोदकाम करताना मजुरांना दागिन्यांचा पुरलेला साठा सापडला. सतराव्या शतकातल्या सुमारे पाचशे वस्तू. त्या वाचल्या, कारण पुरणारा परत आलाच नाही. परत आला असता तर त्यांतल्या बऱ्याचशा मोडीत निघाल्या असत्या.

मग चारशे वर्षांपूर्वीच्या बायकापुरुषांच्या अंगावर, गळ्यात, केसांत काय होतं हे आज कळतं कशावरून? काही तैलचित्रांवरून, काही मृत्युपत्रांतल्या आणि मालमत्तेच्या याद्यांवरून, आणि पुष्कळसं या छापील नमुन्यांवरून. तळहाताएवढं किंवा थोडं मोठं पान, मधोमध एक लोलक, त्याच्या आजूबाजूला कर्णभूषणं, अंगठीचा माथा, केसांत किंवा टोपीत खोवायच्या तुऱ्याचा एखादा घाट. हे छापून विकलं जायचं. सोनार ते विकत घ्यायचा, गिऱ्हाइकापुढे ठेवायचा आणि विचारायचा, ‘यातलं काय करू?’

अशा पानांचा जन्मही सोनाराच्याच दुकानातला. तांब्याच्या पत्र्यावर टोकदार पोलादी सळईनं रेघा कोरायच्या, त्या खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्राखाली घालायचा. खाचांतली शाई कागद ओढून घेतो. ही छपाईची रीत पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन भाषिक प्रदेशात सुरू झाली. पण धातूवर नक्षी कोरणं हे सोनारांचं रोजचंच काम होतं. नवी होती ती शाई आणि कागद. त्यामुळे सुरुवातीच्या मोठ्या कोरीवकारांची घरं पाहिली तर ती बहुतेक सोनारांची निघतात. कोलमारचा मार्टिन शोनगाउअर सोनाराचा मुलगा. न्यूरेंबर्गचा आल्ब्रेख्त ड्यूरर, जन्म १४७१, त्याचेही वडील सोनार. ड्यूरर वडिलांच्या हाताखाली सोनारकाम शिकला आणि १४८६ मध्ये चित्रकाराकडे उमेदवारीला गेला. युरोपातल्या छापील चित्रकलेचा एक मोठा झरा असा सोनाराच्या बागेसरीजवळून निघालेला आहे.

सोळाव्या शतकात या नमुन्यांचा धंदा भरभराटीला आला. न्यूरेंबर्ग, आउग्सबुर्ग, अँटवर्प, पॅरिस ही त्याची ठाणी. न्यूरेंबर्गचा व्हिर्गिल झोलिस अशी पानं काढत असे. अँटवर्पहून तिथे आलेल्या एरास्मुस होर्निक यानं १५६२ आणि १५६५ मध्ये नमुन्यांच्या मालिका छापल्या. अँटवर्पमध्ये १५८१ साली फिलिप्स गाले या प्रकाशकानं हान्स कोलार्टच्या लोलकांची आणि कर्णभूषणांची पानं काढली. त्यांच्या लॅटिन शीर्षकातच हे कोलार्टचं शेवटचं काम असल्याचं म्हटलं आहे. दुसऱ्याच वर्षी त्याच्या आणखी नमुन्यांची मालिका निघाली. तिच्यात समुद्री राक्षस आहेत. माशाची शेपटी, घोड्याची छाती, पाठीवर स्वार, पोटाखाली लोंबणारे मोती. अँटवर्प हे बंदर. तिथल्या व्यापाऱ्यांची संपत्ती गलबतांवरून येत होती, तेव्हा त्यांच्या बायकांच्या गळ्यात समुद्र आला तर नवल नाही.

केसांच्या दागिन्यांसाठी मला दान्येल मिन्यो महत्त्वाचा वाटतो. १५९० नंतरच्या काही वर्षांत आउग्सबुर्गमध्ये त्यानं लोलकांचे आणि तुऱ्यांचे नमुने छापले. बगळ्याचं पीस केसांत किंवा टोपीत खोवायची तेव्हा रीत होती. हळूहळू पिसाची जागा पिसाच्या आकाराच्या रत्नजडित दागिन्यानं घेतली. मिन्योच्या पानांवर मुख्य दागिन्याशेजारी त्याचे सुटे भागही दिसतात. खालची चौकट, तिच्यावर बसणारं फूल, त्यावरचं रत्नाचं घर. त्या काळचा दागिना एका पत्र्यातून कापलेला नसे, तो थरांनी रचलेला असे आणि बारीक खिळ्यांनी किंवा मळसूत्रांनी जोडलेला असे. पान पाहणाऱ्या सोनाराला ही रचना लगेच समजावी अशी सोय त्यानं केली आहे. म्हणजे ही शोभेची चित्रं नव्हती, कामाची पानं होती.

पुढे फ्रान्समध्ये आवड बदलली. शातोदँ गावच्या जाँ तुतँ या सोनारानं १६१८-१९ च्या सुमारास मीनाकामाचे नमुने छापले. त्यांतल्या एका पानावर कारागीर भट्टीच्या तोंडाशी उभा राहून मीना भाजताना दिसतो. नमुन्याच्या पानावर सोनारानं सोनारालाच जागा दिली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. १६६३ मध्ये पॅरिसचा जील लेगारे यानं आपल्या कामाचं पुस्तक काढलं. त्यात फितीच्या गाठीसारखे दागिने आहेत. कापडी फितीचा बो सोन्यात आणि हिऱ्यात उतरवण्याची ही हौस पुढे शंभर वर्षं टिकली. १७६२ मध्ये पूजे या पॅरिसच्या जवाहिऱ्यानं रत्नांविषयी एक ग्रंथ छापला आणि त्याला नमुन्यांची पानं जोडली. त्यांत केसांत माळायची रत्नांची फुलं आणि तुरे आहेत. अशा फुलांचे देठ त्या काळी बारीक स्प्रिंगवर बसवत, म्हणजे बाईनं मान हलवली की फूल थरथरे आणि मेणबत्तीच्या उजेडात हिरे चमकत. आपल्याकडे झुमक्याचं काम तेच, फक्त जागा कानाची.

हे कागद वापरत कसे? सोपी रीत अशी. नमुन्याच्या रेघेवरून सुईनं बारीक भोकं पाडायची. खाली हव्या त्या पृष्ठभागावर कागद ठेवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर हलकेच थापटायची. भोकांतून पूड खाली उतरते, ठिपक्यांची रेघ उमटते, मग ठिपके जोडायचे. आपल्याकडे भरतकामाचे, जरीकामाचे कारागीरही असंच करतात. या कामाला आणि अशा आकृतीला फारसीत एक शब्द आहे, खाका. खाक म्हणजे धूळ, राख, माती. मराठीत आपण ‘योजनेचा खाका तयार केला’ असं सहज म्हणतो, तेव्हा ती कोळशाची धूळ आपल्या तोंडात असते.

आता यातली गंमत आणि दुःख एकच आहे. ज्या पानाला भोकं पडली, ज्यावर तेलकट बोटं फिरली, जे भट्टीशेजारच्या भिंतीवर टाचलं गेलं, ते पान झिजून, फाटून, जळून गेलं. संग्रहालयांत जे आज उरलं आहे ते बरंचसं सोनारानं न वापरलेलं, हौशी संग्राहकानं पेटीत जपून ठेवलेलं. एका तांब्याच्या पत्र्यावरून पत्रा झिजेपर्यंत काही शे चांगल्या प्रती निघत, म्हणून कुठे ना कुठे एखादी वाचली. सोन्याचा दागिना एकच असतो. तो गेला की गेला. कागद स्वस्त, पण तो अनेक ठिकाणी असतो, आणि टिकण्याचं बळ त्या अनेकपणात आहे.

कागद हलकाही असतो. १५८५ मध्ये अँटवर्प स्पेनच्या फौजेनं जिंकलं, तेव्हा हजारो लोक, त्यांत कितीतरी कारागीर, शहर सोडून गेले. युरोपात धर्माच्या नावानं चाललेल्या त्या लढायांत सोनार एका गावातून दुसऱ्या गावात जात राहिले. त्यांच्याबरोबर नमुनेही हिंडले. त्यामुळे एका शहरातला घाट काही वर्षांत दुसऱ्या देशात दिसू लागतो, आणि दागिना नेमका कुठे घडला हे आज जाणकारांनाही सांगणं कठीण होतं.

तरी छापलेलं सगळं घडलं असेल असं समजू नये. पुष्कळ नमुने कोरीवकाराची कल्पना होती. सोनार त्यातून एक पान उचले, दुसऱ्याची कड घेई, गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे रत्नं कमी करी. शिवाय कागदावर दागिन्याची दर्शनी बाजू असते. रंग नसतो, वजन नसतं. मागे आकडा कसा, पीन कुठे, केसांत तो रुततो की नाही, हे क्वचितच कळतं. जुन्या घाटाची नक्कल करून फसवणूकही होते. जर्मनीतल्या आखेन इथला राइनहोल्ड फास्टर्स हा एकोणिसाव्या शतकातला अत्यंत कुशल सोनार. त्याची एक हजाराहून अधिक आरेखनं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अभ्यासकांनी ती नीट तपासली, तेव्हा मोठमोठ्या संग्रहांत सोळाव्या शतकातल्या म्हणून मिरवणाऱ्या अनेक वस्तू याच्या हातच्या असल्याचं उघड झालं. त्याची कारागिरी कागदानंच उघडी पाडली. दागिन्याच्या खऱ्याखोट्याचा साक्षीदार म्हणून शेवटी आरेखनच उभं राहिलं.

युरोपात असे नमुने मुख्यतः गळ्यासाठी, कानांसाठी, बोटांसाठी होते. पण जिथे दागिना म्हणजे केसांतलाच दागिना, असा एक देश होता. जपान. सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, बायका गळ्यात हार घालत नसत, कानांत काही नाही, बोटांत अंगठी नाही. सगळी हौस केसांत. वर उंच बांधलेला केशसंभार, त्यात अर्धचंद्राकृती कंगवा, त्याला म्हणायचं कुशी. लांब काटा म्हणजे कान्झाशी. आडवी दांडी म्हणजे कोगाई. कंगवे लाकडाचे, कासवाच्या पाठीचे, हस्तिदंताचे. त्यांवर लाखेचं काम आणि ओल्या लाखेवर सोन्याची पूड भुरभुरवून काढलेली चित्रं. राजसत्ता अधूनमधून फर्मानं काढी की सामान्यांनी ऐट करू नये. काट्याच्या टोकाला कान कोरण्याची छोटी चमची असे. हा दागिना नव्हे, उपयोगाची वस्तू आहे, असं सांगायला ती बरी पडे, असं तिथे सांगतात. फर्मान निघालं की पळवाट निघते, हा नियम सगळ्याच देशांत सारखा.

या एदो शहरात १८२३ मध्ये तीन छोट्या खंडांचं एक पुस्तक निघालं. ‘इमायो सेक्किन हिनागाता’. हिनागाता म्हणजे नमुना. आजच्या धाटणीच्या कंगव्यांचे आणि तंबाखू ओढण्याच्या नळ्यांचे नमुने, असा नावाचा अर्थ. दोन खंड कंगव्यांचे, एक नळ्यांचा. चित्रकार होकुसाई. समुद्राच्या उसळत्या लाटेचं आणि तिच्याआडून दिसणाऱ्या फुजी पर्वताचं त्याचं चित्र आज जगभर पिशव्यांवर आणि कपांवर दिसतं. ते त्यानं १८३१ च्या सुमारास काढलं. त्याआधी आठेक वर्षं, साठी ओलांडलेला हा माणूस कंगवेवाल्यांसाठी चित्रं काढत बसला होता. तो पोरवयात लाकडी ठसे कोरायचं काम शिकला होता. कारागिराला कागदावर काय हवं असतं हे त्याला ठाऊक होतं.

म्हणून त्यानं कंगवे खऱ्या मापात काढले. मोठं करा, लहान करा, ही भानगड नाही. पान कंगव्यावर ठेवावं आणि कामाला लागावं. अर्धचंद्राएवढी जागा, आणि तीत पानं, पक्षी, पाऊस, लाटा, डोंगर. एदोच्या कंगव्यावर चित्र पुढच्या बाजूला सुरू होतं, वरच्या जाड कडेवरून चढतं आणि मागे उतरतं. केसांत खोवल्यावर मागची बाजू कोण पाहणार? पण घालणारीला माहीत असतं. माझ्या मते त्या शहराच्या अभिरुचीचं सारं मर्म या न दिसणाऱ्या बाजूत आहे.

जपानी छपाई लाकडी ठशांची. चित्रकार पातळ कागदावर चित्र काढी. तो कागद चेरीच्या लाकडी फळीवर पालथा चिकटवला जाई आणि कोरणारा कागदासकट लाकूड कोरी. म्हणजे ठसा तयार होताना चित्रकाराच्या हातचं मूळ चित्र नष्ट होई. मूळ गेलं तेव्हाच प्रती निघाल्या. आज होकुसाईच्या या पुस्तकाच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. होकुसाईच्या हातची ती मूळ रेघ मात्र त्या फळीच्या छिलक्यांबरोबर उडून गेली.

जपानची दारं १८५४ नंतर परदेशी व्यापाराला उघडली आणि तिथली छापील चित्रं, पुस्तकं, कंगवे पॅरिसला पोचले. पॅरिसच्या आँरी व्हेव्हे या मोठ्या जवाहिऱ्यानं जपानी छापील चित्रांचा प्रचंड संग्रह केला. रने लालीक यानं शिंगापासून केसांचे कंगवे घडवले, त्यांवर फुलं आणि कीटक आणले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याचं काम पाहायला गर्दी लोटली. शिंग ही काही मोलाची वस्तू नव्हे. तिथे किंमत घडणावळीची होती. मोडीत शिंगाला भाव नाही, म्हणून ते कंगवे मोडले गेले नाहीत हेही खरं.

आणि आपल्याकडे? छापील चित्रं आपल्याकडे लवकर आली. ज्या अँटवर्पमध्ये कोलार्टचे लोलक छापले गेले, त्याच गावच्या प्लांतँ या मुद्रकाचं अनेक भाषांतलं बायबल घेऊन जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्याहून निघाले आणि १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबर बादशहाच्या दरबारी पोचले. त्या ग्रंथातली आणि त्यामागून आलेली कोरीव चित्रं मुघल चित्रकारांनी डोळ्यांत तेल घालून पाहिली. अबुल हसन या मुलानं तेराव्या वर्षी ड्यूररच्या छापील चित्रातली एक आकृती उतरवली. हाच अबुल हसन पुढे जहांगीरचा लाडका चित्रकार झाला. त्यानं १६१६-१७ च्या सुमारास काढलेल्या एका चित्रात शाहजादा खुर्रम, म्हणजे नंतरचा शाहजहान, हातात पगडीचा रत्नजडित तुरा धरून उभा आहे. त्या तुऱ्याच्या घाटात अभ्यासकांना युरोपी तुऱ्याची छाया दिसते. जहांगीरच्या दरबारात बोर्दो गावचा एक फ्रेंच जवाहिऱ्या कामाला होता. बादशहानं त्याला ‘हुनरमंद’ हा किताब दिला होता. चित्रांतून, भेटवस्तूंतून, अशा माणसांच्या हातांतून घाट प्रवास करत होते. इथेही पिसाचीच गोष्ट. आधी पगडीत खरं पीस, मग पिसाचा रत्नजडित दागिना.

तो दागिना दख्खनेत आला, मराठ्यांच्या दरबारांत रुळला आणि मराठीत त्याची नावं राहिली. शिरपेच फारसी. कलगी तिकडचीच. तुरा अरबी. जवाहीर अरबी, मीना फारसी, बाजूबंद फारसी. आणि ज्याच्याविषयी मी इतका वेळ बोलतो आहे तो ‘नमुना’ही फारसीच. कोल्हापुरी साज घ्या. त्याच्या पानांत मासा आहे, कासव आहे, विष्णूच्या अवतारांची आठवण आहे, आणि त्यातच एक ताईत आहे. ताईत म्हणजे अरबी ‘तावीज’. साज ओवणाऱ्या सोनाराला हे वेगळं काढून दाखवावं असं कधी वाटलं नाही. एका दोऱ्यात सगळे शेजारी.

मात्र आपल्या सोनारांनी घाट जपले ते छापील पानावर नव्हे. ते जपले ठशांत, हातांत आणि नावांत. काशाच्या, पितळेच्या ठशावर पत्रा ठोकून पान उठवायचं. बाप मुलाला शिकवी. पण १९६३ च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, चौदा कॅरेटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली आणि असंख्य सोनारांच्या बागेसऱ्या विझल्या. पुढे नियम सैल झाले, १९६८ चा कायदाही १९९० मध्ये रद्द झाला. तोवर कितीतरी मुलं दुसऱ्या धंद्यांत गेली होती. आता नवा घाट संगणकावर रचला जातो आणि जुने ठसे जुन्या बाजारात शोभेची वस्तू म्हणून विकायला असतात.

केसांच्या दागिन्यांची तर आणखी अडचण. खोपा गेला, अंबाडा सणापुरता उरला, तेव्हा त्यांच्यावरचे दागिने आधी मोडले. राखडी, मूद, केतक, अग्रफूल, नागगोंडे, चंद्रकोर. शब्दकोशात सगळे आहेत. पण नुसत्या शब्दावरून सोनार मूद घडवू शकत नाही.

आमच्या घरचंच सांगतो. माझ्या नानीकडे सोन्याचा झुमर होता. मुसलमान घरांत नवरीच्या केसांत एका बाजूला लावतात, कपाळाच्या कडेवर तो पंख्यासारखा उतरतो. बहात्तरच्या दुष्काळात तो मोडला आणि त्याचं धान्य झालं. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही, पोरं जगली. पण माझी अम्मी म्हणते, त्याला मोत्यांच्या तीन सरी होत्या आणि वर मासा होता. खाला म्हणते, सरी दोन होत्या आणि वर चांद होता. दोघी आता पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. दोघींनी तो डोळ्यांनी पाहिला, दोघींनी हातांत घेतला. खरं काय ते सांगणारा कागदाचा चिटोराही नाही. दोघी गेल्या की मासाही जाईल आणि चांदही.

कागदाचं मोल आपल्या महाराष्ट्रात एकदा फार महाग पडून कळलेलं आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या स्त्रियांच्या केसांतली फुलं, मोत्यांच्या सरी, मुकुट, हे आपलं सगळ्यांत जुनं रंगीत दागिन्यांचं दालन. रॉबर्ट गिल यानं वर्षानुवर्षं खपून त्या चित्रांच्या प्रती केल्या. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेल्या प्रती जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हा त्या कामाला लागले. १८८५ मध्ये लंडनलाच पुन्हा आग लागली आणि त्यांतल्याही पुष्कळ प्रती गेल्या. हाती राहिले ते १८९६-९७ मध्ये छापलेले दोन खंड. भिंतीवरचा रंग झडतो, कापडावरची प्रत जळते, छापलेलं पान मात्र कुठल्या तरी ग्रंथालयात निवांत पडून असतं.

म्हणून एक विनंती. आपल्या घरात जुना दागिना असेल तर तो मोडू नका असं मी म्हणणार नाही. प्रसंग कुणाला चुकले आहेत! पण मोडण्याआधी त्याचा नमुना ठेवा. हातात मोबाइल आहे, एका दुपारचं काम आहे. दागिना पांढऱ्या कागदावर ठेवा, शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. पुढून फोटो घ्या, आणि मागूनही घ्या, कारण जुन्या छापील पानांत नेमकी मागची बाजूच राहून गेली आहे. शक्य असेल तर पेन्सिलनं कडेची रेघ काढून घ्या. घरात त्याला काय म्हणत ते नाव लिहा, वजन लिहा, तो कुठे आणि कसा लावत, कुणी घातला, कुणी घडवला ते लिहा. सोनाराचं नाव आठवत असेल तर ते आवर्जून लिहा, त्याला आपल्याकडे कुणी विचारत नाही. आणि त्या कागदाच्या दोन-तीन प्रती करून लेकीला, सुनेला, भाचीला द्या. एकच प्रत एकाच कपाटात ठेवू नका.